गुरुवार, आठ ते साडेआठ

आमचं घर एकटं अकरा हजार घरांच्या तोडीचं आहे, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर ते दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि नीट न लागणारी कडी एवढंच आहे, असा माझा समज होता. एका सोमवारी संध्याकाळी चामड्याची बॅग घेतलेल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अभिनंदन. तुमची निवड झाली आहे."

मला आयुष्यात कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. शाळेच्या संघात नाही, ऑफिसच्या सहल समितीतही नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा, बायको सांगते त्याप्रमाणे, निवड अशी झालीच नव्हती. बाकीचे नकार देऊन मोकळे झाले होते आणि मी उरलो होतो. त्यामुळे मी बाईंना आत बोलावलं, बसवलं, पाणी दिलं आणि मगच कशासाठी निवडलं ते विचारलं.

त्यांनी बॅगेतून हिरव्या पुठ्ठ्याची एक वही काढली. टीव्ही कोण किती बघतं याची देशभर पाहणी चालली होती. चार आठवडे, सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात ते दहा, दर पंधरा मिनिटांनी घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे कुठलं चॅनल पाहिलं ते लिहायचं. दर सोमवारी बाई येणार, भरलेली पानं नेणार. "तुमची एक वही म्हणजे अकरा हजार घरं," बाई म्हणाल्या. "या आकड्यांवर कार्यक्रम राहतात आणि जातात."

मी वही दोन्ही हातांनी घेतली.

त्या काळी टीव्हीला तीनच चॅनल होती आणि ती बदलायला माणसाला जागेवरून उठावं लागायचं. पण त्या तिन्हींत जे युद्ध चाललं होतं, तसं मी इतिहासाच्या पुस्तकातही वाचलेलं नाही. पहिल्या चॅनलने सोमवारी आठ वाजता डॉक्टरांची मालिका आणली, तर दुसऱ्याने त्याच वेळी दोन डॉक्टर आणले, आणि तेही एकाच नर्सच्या प्रेमात पडलेले. तिसऱ्याकडे डॉक्टर शिल्लक नव्हते बहुतेक. त्यांनी जनावरांचा डॉक्टर उभा केला. मंगळवारी वकील, बुधवारी भुतं. एकाने विनोदी कार्यक्रम साडेसातला लावला की दुसरा सात पंचवीसलाच हसायला सुरुवात करायचा, म्हणजे माणूस तिथेच अडकावा. रविवारच्या वर्तमानपत्रात पुढच्या आठवड्याचा तक्ता येई आणि सोमवारी आमच्या ऑफिसात तो लढाईच्या नकाशासारखा टेबलावर पसरला जाई. आमचं खातं वजनमापांचं, म्हणजे दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि शिक्का मारायचा. पण त्या दिवशी एकही तराजू कुणी तपासल्याचं मला आठवत नाही.

या रणधुमाळीत पहिल्या चॅनलवर एक बिचारी मालिका होती. एक म्हातारा आणि एक म्हातारी छत्रीदुरुस्तीचं दुकान चालवतात. संपलं. एवढीच मालिका. एकशे बारा भागांत एक छत्री दुरुस्त झाली होती, आणि तिचाही दांडा पुढच्या भागात निघाला होता. दोघं बसायची, बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. आमच्या घरी हा कार्यक्रम चुकला असं कधी झालं नाही, कारण तो आईचा कार्यक्रम होता.

आईची नजर तीन वर्षांपूर्वी गेली. अगदी काळोख नव्हता. उजेड कळायचा, सावली कळायची. टीव्ही म्हणजे तिला एक उजळ चौकोन. बाकीच्या मालिकांत माणसं धावायची, पडायची, एकमेकांकडे अर्थपूर्ण बघायची आणि हे काही ऐकू येत नाही. छत्रीवाल्यांचं मात्र सगळं बोलण्यावर. जे बोलण्यात यायचं नाही तेवढं शेजारी बसलेले बाबा सांगायचे. "उठला." मग बऱ्याच वेळाने, "चष्मा शोधतोय." मग त्याहून बऱ्याच वेळाने, "कपाळावरच आहे." बाबांनी छापखान्यात अडतीस वर्षं प्रुफं तपासली. दुसऱ्यांचे शब्द तपासता तपासता स्वतःचेही तपासून मगच सोडायची त्यांना सवय लागली होती, आणि बहुतेक शब्द आतच नापास व्हायचे. पण छत्रीवालेही सावकाश होते, त्यामुळे जमून जायचं.

वही मिळाली त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी आली. पहिल्या चॅनलने छत्रीवाल्यांना मंगळवारी सातवरून गुरुवारी आठला हलवलं होतं. गुरुवारी आठला दुसऱ्या चॅनलवर मोटरसायकलवाल्या पोलिसांची मालिका होती, जी बघायला रस्ते ओस पडत. आणि तिसऱ्यावर प्रश्नमंजूषा, जिच्यात जिंकणाऱ्याला फ्रिज मिळे. बातमीदाराने लिहिलं होतं की आता तीन आठवड्यांचे आकडे बघून छत्रीदुरुस्तीचं दुकान बंद करायचं की नाही ते ठरेल.

मी आईकडे पाहिलं. ती ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे गेलंच म्हणा की."

"काही जात नाही," मी म्हणालो. "वही आपल्याकडे आहे."

पहिला गुरुवार मी प्रामाणिकपणे भरायला घेतला. आठ वाजता टीव्हीसमोर आई आणि बाबा. बायको स्वयंपाकघरात, लेक शेजारी खेळायला, मी वही घेऊन दारात. म्हणजे प्रेक्षक दोन. तेवढ्यात सूचनांच्या पुस्तिकेतली नऊ नंबरची सूचना माझ्या डोळ्यांसमोर आली. 'पाहणारी व्यक्ती म्हणजे चार वर्षांवरील, जिची नजर पडद्याकडे आहे अशी व्यक्ती.'

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून पाहणीच्या कचेरीत फोन लावला. पहिल्या माणसाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने पहिल्याकडे परत दिला, आणि दोघांनी मिळून साहेबांकडे दिला. मी परिस्थिती सांगितली.

"त्या बघत नाहीत, ऐकतात?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग त्या रेडिओच्या पाहणीत बसतील."

"पण त्या टीव्हीसमोर बसतात!"

"मग चुकीच्या ठिकाणी बसतात," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हे मी घरी फक्त बायकोला सांगितलं, तेही दबक्या आवाजात. पण नजर गेल्यापासून आईचे कान दोन खोल्यांपलीकडचंही ऐकतात. जेवताना ती म्हणाली, "म्हणजे मी मोजली जात नाही का रे?"

"कागदावर तसं आहे, आई."

"म्हणजे तुझे बाबा एकटेच बसलेले असतात?"

"कागदावर."

ती हसली. पण नंतर भाताशी नुसतीच खेळत बसली. ज्या आईने मला मोजायला शिकवलं तिला मोजायचं नाही, असं एक पुस्तिका सांगत होती, आणि मी सरकारी मोजमापाचा माणूस असून गप्प बसलो होतो. ताटावर बसल्या बसल्याच मी मनाशी ठरवलं की छत्रीवाले काही झालं तरी वाचवायचे.

पुस्तिकेतली पहिली सूचना अशी होती की आपली निवड झाल्याचं कुणालाही सांगू नये. बायकोने ती तंतोतंत पाळली. तिने फक्त वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापकांच्या पत्नीला सांगितलं, आणि तेही शपथ घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दूध मापता मापता म्हणाला, "साहेब, मोटरसायकलवाल्यांकडे जरा लक्ष असू द्या."

त्यानंतर सल्ल्यांना पूर आला. कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा मानेवर ठेवून भुतांच्या मालिकेबद्दल बोलला. मला त्या आठवड्यात नेमकी दाढ भरायची होती, आणि आमचे दाताचे डॉक्टर पडले प्रश्नमंजूषेचे भक्त. त्यांनी माझ्या तोंडात दोन हात आणि एक आरसा घालून तिसऱ्या चॅनलची बाजू मांडली. मी "आँ" म्हणालो. तो होकार धरून ते म्हणाले, "ठरलं तर, गुरुवारी येतोच."

मुख्याध्यापक निवृत्त झाले तरी त्यांचं आम्हाला वर्गात घेणं संपलेलं नव्हतं. त्यांनी वही मागून घेतली, चाळली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"पाहुणे."

"मग? प्रत्येक पाहुणा मोजला जातो. तुमच्याकडे माणसं आणा! खोटं लिहायचं नाही, खरी माणसं, खरे डोळे, पडद्याकडे. यात कोण काय बोलणार?"

मला ते एकदम पटलं. इतकं सोपं आणि इतकं सरळ. मी सगळ्यांना आमंत्रण दिलं.

दुसऱ्या गुरुवारी आठला दहा मिनिटं असताना आमच्या पुढच्या खोलीत तेरा पाहुणे होते. खुर्च्या चार मजल्यांवरून गोळा केलेल्या. सोफ्यावर पाच जण बसल्यावर त्याचा एक पाय आत गेला आणि पाचही जण हळूहळू डावीकडे कलले, पण कुणी उठलं नाही, कारण उठलं की जागा जाणार. आई-बाबांना आम्ही मधोमध बसवलं होतं.

मालिका सुरू झाली. म्हातारा छत्रीवाला म्हणाला, "पाऊस येणार वाटतं." मग थांबला.

"याला काही काम नाही का?" दूधवाल्याने विचारलं.

"शू!" मुख्याध्यापक म्हणाले आणि शांततेचं महत्त्व या विषयावर चार वाक्यं बोलले. ती संपेपर्यंत पडद्यावरच्या म्हातारीने काहीतरी सांगून टाकलं होतं. आई बाबांकडे वळली. बाबांनी तोंड उघडलं, तेरा माणसांकडे बघितलं आणि मिटून घेतलं. पूर्ण अर्धा तास त्यांच्या तोंडातून एक शब्द बाहेर आला नाही. आई उजळ चौकोनाकडे तोंड करून बसून राहिली, हात मांडीवर ठेवून, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी.

सव्वाआठला दाताचे डॉक्टर उठले. "फक्त एक मिनिट," म्हणाले, "फ्रिज कुणाला मिळाला तेवढं बघू." मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी बटण तिसऱ्या चॅनलकडे फिरवलं, आणि रोज दाढा उपटणाऱ्या त्या हातात बटण मुळासकट आलं. त्यांनी सवयीने ते उजेडात धरून निरखलंसुद्धा.

उरलेली पंधरा मिनिटं खोलीतल्या सगळ्यांनी प्रश्नमंजूषा बघितली, कारण टीव्ही दुसरं काही दाखवायला तयार नव्हता. खोटं लिहायचं नाही असं ठरलेलं. त्यामुळे वहीत मला लिहावं लागलं की गुरुवारी सव्वाआठ ते साडेआठ आमच्या घरी तेरा पाहुणे आणि बाबा, अशा चौदा जणांनी तिसरं चॅनल पाहिलं. गुणिले अकरा हजार. बायकोने तोंडी गुणाकार करून दाखवला आणि मी तिला आत जायला सांगितलं.

बटणाच्या जागी उरलेली खिट्टी पक्कडीने फिरवता येत होती. पक्कड टीव्हीवर ठेवली. पण पाहुणे बोलावणं बंद. आणि मग, सांगायला लाज वाटते, तिसऱ्या गुरुवारी मी तेच केलं जे करणाऱ्या दुकानदारांना मी वीस वर्षं दंड करत आलो होतो. मी खोटं माप लिहिलं.

आठ ते साडेआठ, पहिलं चॅनल. बायको: पाहिलं. लेक: पाहिलं. मी: पाहिलं. पाहुणे: चार. आणि नऊ नंबरच्या सूचनेच्या नाकावर टिच्चून आईच्या नावापुढेही ठसठशीत खूण केली. शाई वाळल्यावर वही टेबलावर ठेवली आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

ती टेबलावर ठेवायला नको होती. घरात आलेला कुठलाही लिहिलेला कागद बाबा तपासल्याशिवाय सोडत नाहीत. लग्नपत्रिका, धोब्याची यादी, विम्याचं पत्र. मी शिकायला दुसऱ्या गावी होतो तेव्हा माझी पत्रं ते लाल शाईने दुरुस्त करून मला परत पाठवत. उत्तर म्हणून तेवढंच.

सोमवारी पाहणीवाल्या बाई आल्या. त्यांनी वही उघडली, पान उलटलं आणि थांबल्या.

"हे लाल काय आहे?"

मी वाकून बघितलं. पान लालेलाल झालं होतं. बाईंनी चष्मा सारखा केला आणि एकेक करून वाचायला सुरुवात केली. "सूनबाईंच्या खुणेवर काट. समासात, 'स्वयंपाकघरात होती.' नातीच्या खुणेवर काट. 'शेजारी खेळायला.' मुलाच्या खुणेवर काट. 'दारात उभा राहून लिहीत होता.' 'पाहुणे चार'. काट. 'शून्य. कोणीही आले नव्हते.'"

मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"आणि इथे त्यांनी स्वतःचंही दुरुस्त केलंय," बाई म्हणाल्या. "'आठ दहा ते आठ चौदा पडद्याकडे नव्हे, हिच्याकडे बघत होतो.'"

बाईंचा आवाज जरा उतरला. "पण आजोबा, एक राहिलंय. आजींच्या नावापुढे 'पाहिलं' अशी खूण आहे. त्यांना तर दिसत नाही ना? ती तशीच सोडलीत."

बाबांनी वेळ घेतला. मग म्हणाले, "ती बरोबर आहे."

बाईंनी वही मिटली. "मला फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या, आणि खरंच वाटत असावं, कारण त्यांनी पाणी मागून घेतलं. "पण खाडाखोड असलेली वही बाद होते. तुमचं घर पाहणीतून वगळावं लागेल." माझ्याकडून एक सही घेतली. एका सहीत अकरा हजार घरं गेली आणि आम्ही पुन्हा दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर झालो.

त्या गेल्यावर मी बाबांवर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा. "एक पान! एक पान तसंच सोडलं असतं तर काय बिघडलं असतं? मी हे माझ्यासाठी करत होतो का? आईसाठी करत होतो!"

"चुकीचं होतं," बाबा म्हणाले.

"मला कळत नव्हतं चुकीचं आहे ते?"

यावर त्यांच्याकडे शब्द नव्हता, किंवा असेल तर तपासून होण्याआधीच मी चपला घालून बाहेर पडलो होतो. कोपऱ्यावर न्हाव्याने विचारलं, "काय साहेब, भुतांचं काय झालं?" मी त्याच्याशीही बोललो नाही.

चौथ्या गुरुवारी छत्रीवाल्यांचा शेवटचा भाग झाला. बातमीदाराने नंतर लिहिलं की तो इतक्या कमी लोकांनी बघितला की मोजणाऱ्यांना आधी आपलीच चूक वाटली. पडद्यावर दोघं दुकान बंद करत होती. बाबा सांगत होते. "दार ओढतोय. अडकलं." मग, "तिने हात लावला." आणि खूप वेळाने, "लागलं."

टीव्ही बंद केल्यावर बाबा फिरायला गेले. मी आईपाशी बसलो. "नाही जमलं गं मला," म्हणालो.

"अरे, वेडा आहेस का तू?" आई म्हणाली. "त्या छत्र्यांचं मला काय करायचंय? दहा भाग ऐकून मला वीट आला होता."

मी तिच्याकडे वळून बसलो.

"तुझे बाबा माझ्याशी किती बोलतात, तुला ठाऊक आहे ना? पंचेचाळीस वर्षं झाली. आमटीत मीठ नाही एवढंसुद्धा बोलले नाहीत कधी, गुपचूप खाऊन उठायचे. माझी नजर गेली आणि हा माणूस आठवड्यातून अर्धा तास माझ्याशी बोलायला लागला. मी छत्र्या सोड, खडे फोडण्याचा कार्यक्रम ऐकला असता. फक्त तो सावकाश हवा. ह्यांना शब्द सापडायला वेळ लागतो ना. छत्रीवाले थांबायचे, तेवढ्यात ह्यांना सापडायचा."

"मग हे बाबांना सांग की!"

"आणि सांगितलं की काय करतील? जपून बोलतील. ते जपून बोलायला लागले की काय उरेल ते तूच बघ."

आता काय वाचवायचं होतं ते मला कळलं, आणि ते नेमकं नुकतंच गेलेलं होतं.

पुढच्या गुरुवारी आठ वाजता मी पक्कड घेऊन दुसरं चॅनल लावलं. मोटरसायकलवाले पोलीस. बाबा नाइलाजाने आईशेजारी बसले.

"धावतायत," ते म्हणाले.

आई उत्सुकतेने पुढे झुकली. "कोण?"

बाबा विचारात पडले. तेवढ्यात पडद्यावर एक पूल उडाला, दोन गाड्या नदीत पडल्या, एका बाईने तोंडावर हात ठेवला आणि दोघा भावांची ओळख पटली. "पोलीस," बाबा म्हणाले. आईने विचारलं, हा आवाज कशाचा? बाबांनी तोंड उघडलं, पण तोवर हेलिकॉप्टर आलं होतं. दहा मिनिटांत त्यांचे पाच शब्द झाले आणि पाचही शिळे. मग ते गप्प झाले. कपाळाला घाम आला होता. आईने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "असू द्या हो. नुसतं बसूया."

मला ते बघवेना. निदान प्रश्नमंजूषेत माणसं प्रश्नाला थांबतात, म्हणून मी घाईघाईने पक्कड लावली, जोरात फिरवली, आणि आत कुठेतरी कडकन मोडलं. चौकोन विझला. आईलाही ते कळलं.

टीव्ही दुरुस्तीवाल्याने संच हातगाडीवर घालून नेला आणि गुरुवारी या म्हणाला. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर गेलो तर म्हणाला, सुटा भाग आलेला नाही. मी अर्ज केला, विनंती केली, शेवटी वजनमापे खात्यातला आहे असंही सांगितलं. तो म्हणाला, "इथे काही वजन करत नाही आम्ही." पुढच्या महिन्यात बघू.

घरी निघालो तेव्हा आठ वाजत आले होते. पाय जड झाले होते. घरी आज टीव्हीसुद्धा नाही, बाबा कोपऱ्यात जुनं वर्तमानपत्र घेऊन बसले असतील, आई मांडीवर हात ठेवून. आणि मी जाऊन सांगणार की पुढच्या महिन्यात. माझ्याने आयुष्यात एक गोष्ट धड होऊ नये याचं मला इतकं वाईट वाटत होतं की रस्त्यात ओळखीची माणसं दिसली की मी दुकानांच्या पाट्या वाचत होतो.

कोपरा वळलो आणि आमच्या खिडकीतून आवाज ऐकू आला. पुढची खोली तळमजल्याला, रस्त्यालगत. खिडकी उघडी होती, पण आतला दिवा लावलेला नव्हता. बाबा बोलत होते.

"समोरचा शिंपी मशीनवर कापड घालतोय." मोठा विराम. "कात्री शोधतोय." विराम. "नाही, फीत शोधतोय. गळ्यातच आहे."

"सापडली का?" आईने विचारलं.

"नाही अजून. आत गेला." बराच वेळ गेला. "दिव्याखाली मांजर आहे. शिंप्याचं नव्हे, दुसरं. पांढरं. पुढचा एक पाय काळा."

"उजवा की डावा?"

"थांब. हललं की सांगतो."

मी जागच्या जागी उभा राहिलो. आमची गल्ली कुठल्याच चॅनलच्या घाईत नव्हती. मांजर उठायला मिनिटभर घेई आणि बाबांनाही तेवढंच लागे.

"कोपऱ्यावरून कुणीतरी आलं," बाबा म्हणाले. "पुरुष आहे. रिकाम्या हाताने. पाय ओढत चालतोय." विराम. "आपलाच आहे."

"आला का? कसा दिसतोय?"

ही शांतता मला लहानपणापासून ओळखीची. माझी पत्रं हातात घेऊन ते याच शांततेत लाल पेन उघडायचे. मी दिव्याच्या उजेडात, नापास होण्याच्या तयारीने उभा होतो.

"पुढचे केस गेलेत," बाबा म्हणाले. आणि पुष्कळ वेळाने, "माझ्यासारखा दिसायला लागलाय."

"दमलाय?"

"दमलाय. आपल्यासाठी हिंडतो सारखा." मग इतका वेळ गेला की मला वाटलं संपलं. "चांगला आहे. काही दुरुस्त करण्यासारखं नाही."

डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर त्यांनी तेही सांगितलं असतं. घर वीस पावलांवर होतं. पण मी आत गेलो की कडी वाजणार, दिवा लागणार, टीव्हीचं काय झालं ते विचारलं जाणार. घड्याळात पाहिलं. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी मागे फिरलो.

"परत गेला," बाबांचा आवाज आला. "काहीतरी विसरला असेल."

"काय विसरला?"

"कळेल आता."

मी कोपऱ्यापर्यंत गेलो, वळलो, आणि पुन्हा एकदा घराकडे चालत यायला लागलो, जरा सावकाश.